सुंदरा सॉफ्टवेअर, उल्हासनगर

गया रणपिसेने एक्क्याण्णव साली कायमची नोकरी सोडली, तेव्हा अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं की तिला काढून टाकलं. बाकीच्यांना वाटलं, लग्न ठरलं असेल. तिने कोणालाच काही सांगितलं नाही. सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाली, फक्त स्टेशनकडे जाताना एमआयडीसीच्या रस्त्याला न वळता उल्हासनगरची रिक्षा पकडली.

ही सगळी हकीगत मला तिच्याकडूनच कळली, कारण पुढच्याच वर्षी मी तिच्याकडे कामाला लागले. मी कुंदा दातार, राहणार बदलापूर. तेव्हा सोनिवलीच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझे यजमान दिनानाथ बँकेत. मी कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता आणि घरी बसून तो विसरत चालले होते. पेपरात चार ओळींची जाहिरात आली, 'मराठी शुद्ध लिहिता येणारी व्यक्ती पाहिजे, कॉम्प्युटर शिकवू', म्हणून गेले.

पत्ता होता उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. खाली हसानंदचं व्होल्टेज स्टॅबिलायझरचं दुकान, वर लोखंडी जिन्याने जायची एक खोली. हसानंद दुकानात कॉम्प्युटरही जोडून विकायचा. वरच्या खोलीत तशीच जोडलेली दोन मशीनं, एक प्रिंटर, आणि गयाताई. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. एक परिच्छेद लिहायला दिला, वाचला, आणि म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ पक्कं आहे तुझं. उद्यापासून ये."

तिच्या कंपनीचं नाव 'सुंदरा सॉफ्टवेअर'. सुंदराबाई म्हणजे तिची आई, काडेपेटीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. वडील शिवराम ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढे पहिली नात झाली तेव्हा बुद्धगयेवरून तिचं नाव ठेवलं. उल्हासनगरच्या कॉलेजात पोरं हिंदीत "गया, गया" करून चिडवायची. ती वळून म्हणायची, "कहीं नहीं गयी, इधरिच हूँ." गणितात बी.एस्सी. झाली आणि रंग बनवणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात लागली. तिथे पगाराचा अख्खा प्रोग्रॅम तिने लिहिला. तो चालू झाला त्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर तिच्या वरच्याने आपलं नाव सांगितलं, आणि तिला चहा सांगायला पाठवलं. तिने चहा सांगितला. मग टेबलावर राजीनामा ठेवला आणि चहा न पिता घरी आली.

शिवरामकाका तेव्हा एवढंच म्हणाले, "सोडलीस तर सोडलीस. आता त्या दाराशी परत जायचं नाही."

तिचा पहिला प्रोग्रॅम बुवापाड्यातल्या विहाराच्या वाचनालयासाठी होता. फुकट केलेला. सभासद कोण, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय, असं सगळं मराठीत. त्या वेळी मशीनला मराठी येत नसे. आत एक वेगळं कार्ड बसवलं की अक्षरं दिसायची, पण अक्षरांचा क्रम मशीन स्वतःच्या डोक्याने लावायचं. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. मशीन त्याला 'ल'च्या शेजारी बसवायचं. त्यामुळे यादीत काळे आधी आणि कासारे नंतर. वाचनालय बघणारे धर्मराजदादा वैतागले. "गया, शाळेत शिकवलं तसं लाव की," म्हणाले. ती बसली आणि तिने लावलं. जोडाक्षरं, अनुस्वार, रफार, सगळ्याला जागा ठरवून दिली. त्यातल्या शंका सोडवायला शब्दकोश घेऊन मी बसायचे. आमची भांडणंही व्हायची, 'ज्ञ' कुठे बसवायचा यावरून दोन दिवस आम्ही बोललो नव्हतो.

प्रोग्रॅमचा तोच तुकडा पुढे आमच्या कामी आला. काही ग्रामपंचायतींनी घेतला, दोन नगरपालिकांनी घेतला. आणि पंच्याण्णव साली बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीचा फोन आला. माहिती साठवायचं त्यांचं सॉफ्टवेअर देशभर विकलं जायचं. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत शिरायचं तर त्यांना मराठी हवं होतं. आमचा तुकडा त्यांच्यात जोडायचा करार झाला, आणि डिसेंबरात मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांची डेव्हलपर कॉन्फरन्स होती, तिचं आमंत्रण आलं. आम्ही 'टेक्नॉलॉजी पार्टनर'. बाहेरच्या दालनात एक स्टॉल, आणि मोठ्या हॉलमध्ये स्टेजवर वीस मिनिटं.

गयाताईने ही बातमी आधी विहारात सांगितली. स्टेजवर दाखवायचं तर एखादी खरी यादी हवी, आणि वाचनालयाच्या सभासदांची यादी तिच्याकडे होती. पण लोकांची नावं न विचारता दाखवायची नाहीत, हा तिचा हट्ट. रविवारी वंदना झाल्यावर तिने सगळ्यांना विचारलं. मी सोबत गेले होते. विठा निकाळजे म्हणून एक बाई, त्यांनी उभं राहून विचारलं, "म्हणजे त्या हॉटेलात माझं नाव भिंतीएवढं दिसंल?"

"पडद्यावर दिसेल, मावशी."

"मग दाव. पण आडनावासकट दाव."

धर्मराजदादा म्हणाले, "सगळ्यांचीच दाव, आडनावासकट. कोणाची हरकत असेल तर आत्ता बोला." कोणी बोललं नाही. जनू उबाळे म्हणून एक म्हातारे मागे बसले होते, त्यांनी आपलं नाव नीट 'जनार्दन' करून घ्यायला सांगितलं, तेवढंच.

कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी हसानंदने आपला टेम्पो दिला. स्टॅबिलायझरच्या खोक्यांबरोबर आमची मशीनं गाद्यांत गुंडाळून गेली. बाळाजी पेंटरने कापडी फलक रंगवला होता. निळ्यावर पांढरी अक्षरं, 'सुंदरा सॉफ्टवेअर, उल्हासनगर'. हसानंद म्हणाला, "गया बहन, उल्हासनगर मत लिखो. लोग बोलेंगे माल डुप्लिकेट है." ती म्हणाली, "सेठ, आपका स्टॅबिलायझर डुप्लिकेट है क्या?" तो दुखावला. "बिलकुल नहीं." "तो फिर."

हॉटेलच्या दालनात पोचलो तर आमच्या स्टॉलवर कंपनीने आधीच पाटी लावून ठेवली होती. इंग्रजीत, 'सुंदरा टेक्नॉलॉजीज, मुंबई'. स्टॉलची जागाही कोपऱ्यात, जिथून वेटर ट्रे घेऊन ये-जा करत. गयाताईने पाटी वाचली, खुर्ची ओढली, वर चढली आणि पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. मग आम्ही दोघींनी बाळाजीचा फलक बांधला.

तेवढ्यात जयदेव सबनीस आले. ते त्या कंपनीच्या मुंबई ऑफिसचे मॅनेजर. कराराच्या वेळी तेच भेटले होते. माणूस गोड, मराठी बोलणारा, आवाज कधी चढवायचा नाही. फलक बघून म्हणाले, "गयाताई, मुंबई टाकलं असतं तर जरा वजन आलं असतं. उल्हासनगर म्हटलं की लोकांना काय वाटतं, तुम्हांला माहीत आहे."

"आमचं ऑफिस उल्हासनगरला आहे," ती म्हणाली.

त्यांनी तो विषय सोडला. "बरं, उद्याचा डेमो एकदा दाखवा."

गयाताईने मशीन चालू केलं. पडद्यावर नावं आली, मराठी क्रमाने. अहिरे, उबाळे, कासारे, काळे, खंडागळे, गांगुर्डे, निकाळजे, रणपिसे, वाघमारे. खाली आणखी. सबनीसांनी काम बघून मान डोलावली. मग नावं परत वाचली, या वेळी सावकाश.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "फक्त ही नावं... जरा मिक्स करता येतील?"

"म्हणजे कशी?"

"म्हणजे सगळीच एका टाईपची वाटतात. समोर बँकांचे लोक असणार, मंत्रालयातले सेक्रेटरी असणार. थोडे जोशी, थोडे देशपांडे, एखादा पाटील. रिप्रेझेंटेटिव्ह वाटलं पाहिजे ना."

गयाताईने मग विचारलं, "नुसते जोशी-देशपांडे असते तर मिक्स करायला सांगितलं असतंत?"

ते हसले. म्हणाले, "माझं पर्सनल काहीच नाही, प्लीज. वरून विचारतील म्हणून सांगतो."

"ही खरी माणसं आहेत. वाचनालयात येतात, पुस्तकं नेतात. त्यांना विचारून नावं आणली आहेत. यादी बदलणार नाही."

ते गेले. थोड्या वेळाने मला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. "दातार मॅडम, तुम्ही समजावा ना त्यांना. नाहीतर असं करा, उद्या स्टेजवर तुम्हीच उभ्या राहा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. दुसरी यादी आमच्याकडे तयार आहे, फ्लॉपी देतो. गयाताईंना काय, क्रेडिट मिळाल्याशी मतलब."

मला त्या वेळी एवढंच सुचलं की कप खाली ठेवावा. ठेवला, आणि म्हटलं, "माझं आडनाव बघून तुम्ही माझ्याशी हे बोलताय. तिने ते कामाला घेतानासुद्धा विचारलं नव्हतं." सबनीस कानापर्यंत लाल झाले. मी स्टॉलवर परत आले आणि गयाताईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "फ्लॉपी घेतली नाहीस ना?" एवढंच विचारलं.

"नाही."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी ती आईवडिलांना घेऊन आली. कंपनीने स्टॉलसाठी चार बिल्ले दिले होते, आम्ही दोघीच. उरलेल्या दोन बिल्ल्यांवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सुंदराबाई रणपिसे' आणि 'शिवराम रणपिसे'. शिवरामकाकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सुंदराबाई पांढऱ्या, निळ्या काठाच्या लुगड्यात, पायांत नवी चप्पल. दारातल्या माणसाने काकांना सोडलं, सुंदराबाईंना अडवलं. "आजी, इकडे नाही. इकडे कंपन्यांचे लोक."

गयाताईने त्याला आमच्या स्टॉलवरचा फलक दाखवला. "वाचता येतं ना? तिथे जे नाव आहे ते यांचं. कंपनी यांच्या नावाची आहे." तो बाजूला झाला.

सुंदराबाई स्टॉलवर खुर्चीत ताठ बसल्या. येणारेजाणारे वळून बघत. टाय लावलेल्या एका तरुणाने कौतुकाने विचारलं, "आप क्या करती हैं, माताजी?"

"काडेपेट्या भरत होते," त्या मराठीत म्हणाल्या. "आता रिटायर. पोरीचं काम बघायला आलेय. तुम्ही बघितलं का? बघा की." त्याला बसवून घेऊन त्यांनी गयाताईला हाक मारली. त्या दिवशी आमच्या स्टॉलवर सर्वांत जास्त माणसं त्यांनीच बोलावली.

अकरा वाजता सबनीस आले. चेहरा उतरलेला. स्टेजचा कार्यक्रम बदलला होता. मराठीचा भाग आता कंपनीचेच एक अधिकारी दाखवणार. "टाईमिंगचा प्रॉब्लेम आहे," ते म्हणाले, पण आमच्याकडे न बघता.

"आमचंच काम ना?" गयाताईने विचारलं.

"हो, म्हणजे... ऑफकोर्स."

"आमचं नाव घेतील?"

"मी सांगितलंय त्यांना."

आम्ही हॉलमध्ये जाऊन मागे उभ्या राहिलो. स्टॉल काकांवर सोडला. अधिकारी तमिळ होते, बोलले छान. पडद्यावर यादी आली. आपटे, काळे, जोशी, देशपांडे, पाटील. क्रम आमचा, अगदी बरोबर. टाळ्या पडल्या. त्यांनी सांगितलं की हे कंपनीने आपल्या टीमकडून विकसित केलं आहे, स्थानिक मंडळींची मदत झाली. आमचं नाव आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते माहीतही नसावं.

मग प्रश्न विचारायची वेळ झाली. दोघातिघांनी विचारले. माईक घेऊन फिरणारी मुलगी आमच्या बाजूला आली आणि गयाताईने हात पुढे केला. मी तिच्या शेजारी होते. तिने माईक घेतला.

ती मराठीत बोलली. "माझं नाव गया रणपिसे. मी अंबरनाथला राहते, उल्हासनगरला काम करते. आत्ता तुम्ही पडद्यावर जे पाहिलंत ते काम आमच्या सुंदरा सॉफ्टवेअरचं आहे. मी आणि या कुंदा दातार, आम्ही केलंय. या स्टेजवर ते मी दाखवणार होते. माझ्या यादीतली आडनावं बदला म्हणाले, मी बदलली नाहीत, म्हणून मी इथे खाली उभी आहे. माझी यादी बाहेर कोपऱ्यातल्या स्टॉलवर आहे. ज्याला बघायची त्याने यावं."

कोणीतरी इंग्रजीत विचारलं, ती काय म्हणाली. समोरच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी वळून त्याला शब्दन् शब्द इंग्रजीत करून सांगितला. स्टेजवरच्या अधिकाऱ्यांनी "थँक यू" म्हटलं आणि पुढचा माणूस बोलावला. गयाताईने माईक परत दिला आणि बाहेर चालू लागली. दारापर्यंत ती सावकाश गेली. बाहेर आल्यावर मात्र खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कुंदा, पाणी."

जेवणाच्या सुट्टीत स्टॉलवर गर्दी झाली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. सगळे मिळून पंधरावीस माणसं आली. काही नुसती बघायला, की ही बाई कोण. ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले, नागपूरला ग्रंथालयाच्या कामात होते. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि खुर्चीवर बसूनच घेतलं. उठताना म्हणाले, "आमच्याकडच्या वाचनालयांना हेच लावून घेतो." कोल्हापूरची दोन मुलं आली, त्यांना आतली रचना समजून घ्यायची होती, गयाताईने त्यांना लपवाछपवी न करता दाखवली. आणि एक बाई आल्या, कोणत्याशा बँकेतल्या, साडी भारी, इंग्रजी सफाईदार. त्यांनी कोणाला दिसणार नाही असं बोट पडद्यावरच्या 'गांगुर्डे'वर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "माहेरचं माझं हे. ऑफिसात कोणाला माहीत नाही." गयाताईने त्यांचा हात दाबला. सुंदराबाईंनी त्यांना डब्यातला लाडू दिला.

संध्याकाळी सबनीस शेवटचे आले. म्हणाले, "तुम्ही मला फार अडचणीत आणलंत." गयाताई मशीनच्या वायरी गुंडाळत होती. "तुम्हांला मी नाही आणलं, सबनीस. यादी बदला असं मी म्हटलं नव्हतं."

महिन्याभरात कंपनीने पार्टनरशिप संपवली. करारात होतं तसं, कारण न देता. गयाताईने उलट कळवलं की मग आमचा तुकडाही काढा. त्यांनी काढला आणि आपला नवा करवून घेतला. नगरपालिकांपैकी एकीने आमचं काम सोडून त्यांचं घेतलं. ते वर्ष आम्हांला जड गेलं. हसानंदने "भाडा बाद में" म्हणत भाड्यासाठी जिना चढणं सोडून दिलं. मी घरी सांगितलं की काही महिने पगाराचं धरू नका.

दिनानाथांनी तेव्हा मला विचारलं, "चार आडनावं बदलली असती तर काय बिघडलं असतं?"

मी भाजी चिरत होते. म्हटलं, "उद्या बँकेत तुम्हांला सांगितलं, दातार नको, दुसरं काहीतरी लावा, ग्राहकांना बरं वाटेल. लावाल?"

"ते वेगळं."

"काय वेगळं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जुनं टाइपरायटरचं टेबल आमच्या ऑफिसात पोचवून आले, गरज होती म्हणून. गयाताईशी त्यांची पहिली भेट तीच.

नागपूरकरांनी शब्द पाळला. त्यांच्याकडची वाचनालयं एकेक करून आमच्याकडे आली, मग अमरावतीची, मग कोकणातली. वाचनालयांकडे फार काही नसतं, पण ती टिकून राहतात. अठ्ठ्याण्णवला आम्ही हसानंदच्या मजल्यावरची दुसरी खोलीही घेतली. प्रत्येक ठिकाणी गयाताई तीच यादी घेऊन डेमो द्यायची. कोणी म्हणालं, आमच्या गावची नावं टाका, तर म्हणायची, "टाकते की. आधी ही बघा."

मला वाटायचं, त्या दिवसानंतर ती कॉन्फरन्सचं नाव काढणार नाही. पण नव्याण्णवला पुण्याला एक भरली, दुसऱ्याच कंपनीची. तिने स्वतः अर्ज केला, 'टेक्नॉलॉजी पार्टनर' म्हणून. घेतलं त्यांनी. या वेळी स्टॉल मधोमध होता.

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ आले. काम बघितलं, आवडलं. बिल्ला वाचला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "रणपिसे म्हणजे... कुठले?"

मी मान वर केली. हा प्रश्न गावाचा नसतो, हे इतक्या वर्षांत मलाही कळायला लागलं होतं.

गयाताईने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "अंबरनाथ पश्चिम, बुवापाडा. बौद्ध. आणखी काही राहिलं असेल तर विचारून घ्या, मग आपण कामाचं बोलू."

ते गडबडले, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाही, नाही. कीबोर्डचं विचारायचं होतं."

"विचारा," ती म्हणाली, आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.